हिरवा रविवार आणि पांढरे क्रॉडॅड

१७ जून १९९६

आज गुहेत अडकले. तशी दर उन्हाळ्यात एकदा अडकतेच, पण आज डोकं आणि हात पलीकडे, पाय अलीकडे, आणि मधला सगळा ऐवज खडकाच्या फटीत. लिओटा मागून बॅटरीचा उजेड नको तिथे पाडत होती.

"ट्वायला, श्वास सोड."

"सोडलाय."

"मग अजून सोड. नाहीतर 'पत्ता सापडत नाही' असा शिक्का मारून इथेच ठेवून जाईन."

लिओटा आमची पोस्टमास्तरीण. वय बासष्ट, अंगानं वाळक्या शेंगेसारखी, कुठूनही आरपार जाते. गुहेत एकटीनं जायचं नाही हा माझा नियम, आणि माझ्याबरोबर यायला तयार असलेलं अख्ख्या काउंटीत हे एकच माणूस.

अर्ध्या तासानं सुटले. पॅन्टचा खिसा तिथेच राहिला. एवढं करून टकर गुहेच्या पाण्यात आज दिसलेले पांढरे क्रॉडॅड: दोन. दोन वर्षांची बेरीज: सात. ओढ्यातले साधे क्रॉडॅड, म्हणजे नांग्या असलेले गोड्या पाण्यातले झिंगे, इथलं शेंबडं पोरही दोरीला बेकन बांधून बादलीभर पकडतं. माझे वेगळे. करंगळीएवढे, दुधासारखे पांढरे, डोळ्यांच्या जागी नुसता ठिपका. जन्मभर अंधारात मिशांनी चाचपडत राहतात. ते कुठलं पाणी पितात, ते पाणी कुठून येतं, हे शोधण्यासाठी मी सुट्ट्या घालवते. शाळेत जीवशास्त्र शिकवते, सत्तेचाळीस वर्षांची आहे, आणि घटस्फोटानंतर वडिलांकडे परत येऊन राहिले आहे. हे तिन्ही सांगितलं की लोक सहानुभूतीनं मान हलवतात. क्रॉडॅडचं सांगितलं की हलवायचं थांबवतात.

२३ जून

डॅडींनी जेवताना बाँब टाकला. वरच्या कुरणात कोंबड्यांच्या चार लांब शेड उभ्या करायला ते एका पोल्ट्री कंपनीला जमीन देणार. तीस ऑगस्टला माणूस कागद घेऊन येणार आहे.

वरच्या कुरणाच्या मधोमध खड्डा आहे. पूर्वी कधीतरी जमीन खचून झालेला, दोन घरं मावतील एवढा. आमच्या भागात प्रत्येक शेताला असा खड्डा असतो आणि प्रत्येक शेतकरी त्यात नको असलेलं सगळं टाकतो. मेलेली गुरं, मोडकी यंत्रं, औषधांचे डबे. डॅडींनी चाळीस वर्षं टाकलं. लहानपणी दात पडला तरी मी तो खड्ड्यात टाकून यायची. आता चार शेडमधली घाण पावसाबरोबर त्यातच उतरणार.

"डॅडी, त्या खड्ड्यातलं पाणी माझ्या गुहेत जातं."

"खड्ड्यातलं पाणी खाली जातं. पाणी खालीच जातं. शाळेत शिकवत नाहीत का?"

"खाली म्हणजे कुठे?"

"खाली." त्यांनी काट्यानं टेबलाखाली दाखवलं. "हे बघ पोरी. मी एकोणऐंशीचा. गवत कापायला आता होत नाही. माझ्यामागं तुला काहीतरी येत राहील, एवढंच बघतोय."

"मला नकोय."

"तुला काय हवंय ते तुला कधी कळलंय? बरं, पैज लाव. ते पाणी तुझ्या गुहेत जातं हे मला माझ्या डोळ्यांनी दाखव. दाखवलंस तर सही करणार नाही. नाही दाखवलंस, तर गपगुमान कोंबड्यांची मालकीण व्हायचं."

हात मिळवले. डॅडींचा हात अजून सांडशीसारखा आहे. माझी बोटं लिहिताना दुखताहेत.

१४ जुलै

दुसरा बाँब. डॅडी बाप्तिस्मा घेणार! पन्नास वर्षं आई त्यांच्या मागे लागली होती आणि पन्नास वर्षं ते दर रविवारी तिला चर्चपर्यंत सोडून ट्रकमध्ये बसून राहायचे. आई जाऊन सहा वर्षं झाली. आज न्याहरीला मऊ पावासारख्या बिस्किटावर ग्रेव्ही ओतताना म्हणाले, "हर्शलला सांगितलंय. ऑगस्टात उरकून टाकतो." दाढ काढायची असल्यासारखे.

ब्रदर हर्शल आमचे पाद्री. लहानपणी डॅडींनी त्यांना गळ टाकायला शिकवलं, त्यामुळे डॅडी त्यांना अजून अरेतुरे करतात.

काल शनिवार, म्हणून चर्चच्या झऱ्यावरून पाण्याचा जग भरून आणला. आईचा नेम. शेतातल्या विहिरीवर तिचा विश्वास नव्हता, पिण्याचं पाणी चर्चच्या झऱ्याचंच. तोच निळ्या झाकणाचा काचेचा जग. मी काही भाविक नाही, पण चहा त्याच पाण्याचा चांगला होतो.

८ ऑगस्ट

काल दणकून पाऊस झाला, खड्ड्यात पाणी घुमत होतं. आज रंग टाकला. ही आमची पद्धत: इथे निरुपद्रवी रंग ओतायचा आणि जिथे जिथे पाणी वर येतं तिथे कोळशाच्या पुरचुंड्या बांधून ठेवायच्या. कोळसा रंग धरून ठेवतो. मग पुरचुंड्या प्रयोगशाळेत पाठवायच्या. डोळ्यांना रंग दिसतसुद्धा नाही, इतका थोडा पुरतो.

थोडा. हा शब्द आमच्या घराण्यात नाही. पत्रकावर अर्धा डबा लिहिलं होतं. मी अर्धा ओतला, खड्ड्याकडे बघितलं, आणि असू दे म्हणून उरलेला ओतला. मग दुसराही. आई चहात साखर घालायची ती अशीच. पूड विटकरी तांबडी असते, पाण्यात पडली की हिरवीगार होते. माझे हातही झाले. शाळा सुरू होईपर्यंत निघतील अशी आशा.

गुहेत सहा पुरचुंड्या बांधल्या आहेत, नदीकाठच्या तीन झऱ्यांवर तीन. लिओटानं विचारलं, "चर्चच्या झऱ्यावर?"

"तो डोंगराच्या दुसऱ्या अंगाला. त्याचा काही संबंध नाही."

"तुला खात्री आहे?"

मी तिला नकाशा उलगडून पाऊण तास समजावलं. तिनं नकाशाकडे न बघता माझ्या हिरव्या हातांकडे बघितलं.

माझ्या गणितानं रंग गुहेत दहा ते बारा दिवसांत पोचेल.

११ ऑगस्ट, रविवार

तीन दिवसांत पोचला. गुहेत नाही.

जमेल तितकं सरळ लिहिते. चर्चच्या झऱ्याखाली डोह आहे, बाप्तिस्मा तिथेच होतो. सगळी मंडळी काठावर, बायकांच्या हातात पंखे, गाणं चाललेलं. डॅडी पांढरा शर्ट घालून कमरेएवढ्या पाण्यात. ब्रदर हर्शल शेजारी, झग्याच्या आत मासेमारीचे रबरी बूट. मला झऱ्याच्या तोंडाशी पाणी जरा वेगळं वाटलं. झाडांची सावली असेल म्हटलं. मी शास्त्रज्ञ आहे, सावली ओळखते.

ब्रदर हर्शल लांब प्रार्थना करतात. फार लांब. ती संपेपर्यंत अख्खा डोह मोटारीच्या रेडिएटरमधल्या हिरव्या पाण्यासारखा झाला होता. पण ते दोघे डोळे मिटून होते, आणि डोळे उघडे असलेल्यांचं तोंड उघडं होतं. हर्शलनी डॅडींना मागे झुकवलं, बुडवलं, वर काढलं.

पांढरा शर्ट हिरवा. पांढरे केस हिरवे. कवळी हिरवी. डॅडींनी डोळे उघडले, स्वतःचे हात उलटे सुलटे करून बघितले आणि शांतपणे विचारलं, "हर्शल, हे असंच असतं का?"

मागे कोणीतरी म्हातारी "चमत्कार!" म्हणून ओरडली आणि गुडघ्यांवर बसली. तिला उठवणं भाग होतं. मी हात वर केला. सातवीच्या वर्गात मुलं खिडकी फुटल्यावर करतात तसा.

"ते माझं आहे," मी म्हटलं. "वरच्या कुरणातल्या खड्ड्यातून आलंय. विषारी नाही."

चाळीस माणसं माझ्याकडे वळली. डॅडी वळले नाहीत. ते झऱ्याच्या तोंडाकडे बघत होते. बराच वेळ पाण्यातून बाहेरच आले नाहीत.

पन्नास वर्षं माझी आई ज्याची वाट बघत होती ते आज झालं आणि मी त्यात दोन डबे ओतले. आज स्वतःची फार शरम वाटते आहे.

१३ ऑगस्ट

डॅडी बोलत नाहीत. शिक्षा रास्त आहे. काल सकाळी त्यांनी आईचा जग उचलला आणि सगळं पाणी घराबाहेर नेऊन ओतलं. टोमॅटोवरसुद्धा नाही, रस्त्यावर. मग शहरात जाऊन दुकानातलं पाणी घेऊन आले. म्हटलं, डॅडी, रंग निघून गेलाय, पाणी आता चांगलं आहे. त्यांनी दुकानातली बाटली उघडून पेला भरला.

आज जेवताना मात्र एकदम विचारलं, "किती दिवस लागले म्हणालीस?"

"तीन."

"पूर्वीही एवढेच लागत असतील?"

"खडकातली वाट आहे, डॅडी. हजारो वर्षांची. ती बदलत नाही."

"म्हणजे वर पडलं ते तिसऱ्या दिवशी तिथे."

"चांगला पाऊस असला तर."

ताट तसंच सोडून उठले आणि मागच्या पायरीवर जाऊन बसले. कॉर्नब्रेड जरा करपला होता, त्यामुळे असेल. उद्या कमी आचेवर करीन.

१७ ऑगस्ट

रोज सकाळी मी शाळेच्या तयारीसाठी निघाले की वरच्या कुरणात ट्रॅक्टर सुरू होतो. आज खिडकीतून बघितलं, ट्रॅक्टरला तारेचा दोर लावलाय. विचारलं तर म्हणाले, "साफसफाई. तू तिकडे येऊ नकोस."

म्हणजे शेडसाठी जागा सपाट करणं चाललंय. अजून गुहेतला निकाल यायचाय, पैज संपलेली नाही, आणि हे कामाला लागलेसुद्धा. रागानं रडू आलं. मग रडता रडता पीच घालून भाजलेली अख्खी गोड कॉब्लर संपवली. पुढच्या वेळी फटीत कशी अडकते ते बघूच.

२४ ऑगस्ट

निकाल आला. लिओटानं पाकीट काउंटरवरून सरकवलं आणि मी फोडायच्या आधीच म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नकोस."

"तू उघडलंस?"

"सरकारी नोकर आहे मी. उजेडासमोर धरलं फक्त."

गुहेतल्या सहाही पुरचुंड्या कोऱ्या. रंगाचा अंश नाही. टकर गुहेचा आणि आमच्या खड्ड्याचा काहीएक संबंध नाही. दोन वर्षं ज्या पाण्यात पोटावर सरपटले ते भलत्याच डोंगराचं. नकाशा, गणित, पाऊण तासाचं व्याख्यान, सगळं पाण्यात, आणि तेही चुकीच्या पाण्यात. पैज हरले. शेड येणार. त्या घाणीनं झऱ्याचं काय व्हायचं ते होणार.

लिओटाच्या दोन बोटांना चिकटपट्ट्या होत्या. विचारलं तर म्हणाली पोस्टाच्या खणात चिमटली. बाहेर ब्रदर हर्शल भेटले, ते लंगडत होते. म्हणाले, कंबर धरलीये, उपदेश करताना. वय होत चाललंय सगळ्यांचं.

लिओटा मागून ओरडली, "ट्वायला, तुझा तो क्रॉडॅड आंधळा आहे म्हणतेस ना?"

"हो. का?"

"तो निदान मिशा तरी हलवतो."

मला अर्थ लागला नाही. तिचे विनोद कधीकधी फारच गावठी असतात.

३० ऑगस्ट

कंपनीचा माणूस दहाला आला. आइस टी प्याला, कागद टेबलावर पसरले, पेनचं टोपण काढून पेन डॅडींसमोर धरलं. मी दाराशी उभी. आदल्या रात्री ठरवलं होतं की हरलेली पैज मोठ्या मनानं हरायची.

डॅडी म्हणाले, "नाही करत."

मी चुकून म्हणून गेले, "पण डॅडी, मी हरले. गुहेत रंग आला नाही."

कंपनीच्या माणसानं माझ्याकडे इतक्या आशेनं बघितलं की बिचाऱ्याची कीव आली.

"पैज तू हरलीस," डॅडी म्हणाले. "सही मी करत नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत." आणि त्या माणसाला, "चहा संपव निवांत. घाई नाही."

तो गेल्यावर डॅडींनी टोपी घातली. "चल. दाखवायचंय."

वरच्या कुरणात अक्रोडाच्या झाडाखाली खड्ड्यातली चाळीस वर्षं वर काढून रांगेत मांडून ठेवली होती. गंजलेले दोन फ्रिज. खाटांच्या स्प्रिंगा. औषधांचे डबे, शेकड्यानं, झाकणं घट्ट लावून वेगळे रचलेले. गुरांच्या कवट्या. माझी तीनचाकी. रांगेच्या टोकाला आईचं पहिलं कपडे धुण्याचं यंत्र, पिळायच्या लाटण्यांसकट. लिओटा तिथेच होती, चामडी हातमोजे घालून. ब्रदर हर्शल दोर गुंडाळत होते. चर्चचे आणखी सहाजण पाणी पीत बसले होते. सतरा दिवस हे चाललं होतं. मी रोज त्यांना दुकानात, पोस्टात, चर्चमध्ये भेटत होते आणि त्यांच्या दुखऱ्या कंबरांची काळजी करत होते.

"एकट्यानं उतरायचं नाही, हा तुझाच नियम," डॅडी म्हणाले. "म्हणून ह्यांना बोलावलं."

"मला का नाही बोलावलं?"

त्यांनी यंत्राच्या लाटण्यावरची माती अंगठ्यानं खरवडली. मग बोलले, आणि ते जसं बोलले तसंच लिहिते.

"तुझी आई विहिरीचं पाणी पीत नव्हती. त्या झऱ्याचं प्यायची. चाळीस वर्षं जग भरून आणला. आणि मी इथे वरून हे सगळं टाकत होतो. शेवटी तीन वर्षं तिचं पोट दुखायचं तेव्हाही मी शनिवारी जाऊन तेच पाणी आणून दिलं तिला. चांगलं पाणी पी म्हणून."

त्यांनी टोपी काढून डोळ्यांवर धरली. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. आई गेली तेव्हाही नाही.

"डॅडी, ते कशानं झालं हे कोणालाच सांगता येणार नाही. मलाही नाही."

"मी विचारलं नाही," ते म्हणाले.

लिओटा हातमोज्यांकडे बघत होती. करपलेला कॉर्नब्रेड आठवला आणि मला खड्ड्यात जाऊन बसावंसं वाटलं. मी त्यांचा हात धरला. सांडशीसारखा नव्हता, नुसता म्हाताऱ्या माणसाचा हात होता.

थोड्या वेळानं नाक पुसून म्हणाले, "आता उतर. यंत्राखाली पाणी होतं. त्यात काहीतरी आहे तुझं."

दोरानं खड्ड्यात उतरले. तळाशी खडकात दाराएवढी फट, आत स्वच्छ काळं पाणी. बॅटरी लावली. एक पांढरा. दुसरा. खडकाच्या कडेला मिशा हलवत तिसरा, आणि एक मादी, पोटाखाली अंडी. अकरा मोजले. दोन वर्षं मी तीन मैल चालत जाऊन पोटावर सरपटले, खिसे फाडून घेतले, आणि हे आमच्या घरामागे, आईच्या धुण्याच्या यंत्राखाली बसले होते. वरून एवढं सगळं येऊनही.

वर आले तर डॅडींनी विचारलं, "बारा ना?"

"अकरा."

"बारा. एक डावीकडे आत बसतो. तू नीट बघत नाहीस."

२२ सप्टेंबर, रविवार

डॅडींचा दुसरा बाप्तिस्मा. ब्रदर हर्शल म्हणत होते, एकदा बुडालं की झालं, रंगाचा प्रश्न नाही. डॅडी ऐकेनात. "खड्डा भरलेला होता तोवरचं धरायचं नाही," म्हणाले.

पाण्यात उतरून त्यांनी काठावर मला शोधलं. "ट्वायला, आज काही टाकलंयस का?"

"नाही, डॅडी."

"हात दाखव."

दाखवले. मंडळी हसली, मीही. हर्शलनी या खेपेला प्रार्थना दोन ओळींची केली. डॅडी वर आले ते आधी स्वतःची बाही बघत. पांढरी होती. मग त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं, तोंडापर्यंत नेलं, आणि थांबून माझ्याकडे बघितलं. मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी ओंजळ परत डोहात सोडली.

घरी येताना ट्रकमध्ये म्हणाले, "कधी पिता येईल?"

"दर महिन्याला तपासून घेईन. सलग वर्षभर चांगलं आलं, तर."

आल्याबरोबर त्यांनी आईचा जग घासून घासून धुतला, निळं झाकण पुसलं आणि जग खिडकीत उपडा घातला. मी भेंडी तळली, या वेळी न करपवता. जेवताना बराच वेळ काहीतरी हिशेब चालला होता त्यांचा, बोटांवर.

"वर्षभर म्हणजे मी ऐंशीचा होईन."

"हो."

"मग तेवढं राहायला हवं," ते म्हणाले आणि ताट पुढे केलं. "भेंडी वाढ अजून."